दोन चिठ्ठ्यांची बरणी

नलू, परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली आणि मी तिच्यात भांडलो. आवाज चढवला नाही, पण उभा राहिलो आणि चांगलं बोलणाऱ्या माणसाला मध्येच थांबवलं. टेबलावर हार घातलेला तुझा फोटो होता, समोर तुझे विद्यार्थी आणि आपले पिपरीचे शेजारी बसले होते, आणि तुमचे प्राचार्य सांगत होते की बाईंनी आपल्या धाम नदीतून माशाची एक नवी जात शोधून काढली. लोक माना डोलवत होते. तुझ्या नावावर एक मासा चढत होता, तो मी उतरवला. दुःखानं मास्तरांचं डोकं फिरलं असं काहींना वाटलं. तुझ्या भावाला तर नक्कीच वाटलं, कारण घरी येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तुला वाटलं नसतं. या एका गोष्टीवर मी तग धरून आहे.

आपलं लग्न झालं तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि तू कॉलेजात प्राणिशास्त्र. माझी समजूत अशी की मासा म्हणजे मासा, फार तर मोठा किंवा लहान. पहिल्याच रविवारी तू मला बाजारात नेलंस आणि मासे विकणाऱ्या ढिवरांच्या बायकांपुढे उकिडवी बसलीस. मोठ्या माशांकडे तू पाहिलंही नाहीस. टोपलीच्या कोपऱ्यात जो बारीक मासोळीचा ढीग असतो, ज्याला विकणारी चिल्लर म्हणते आणि घेणाराही चिल्लरच म्हणतो, तो तू अख्खा उचललास. घरी येऊन वर्तमानपत्रावर पसरलास आणि चिमट्यानं एकेक मासोळी वेगळी करू लागलीस. मला भूक लागली होती. मी विचारलं, रांधणार कधी? तू म्हणालीस, ओळख पटली की. त्या दिवसापासून आपल्या घरचा कायदा ठरला: ओळख पटली ते कढईत, नाही पटली ते बरणीत. काही रविवारी आपण नुसतं वरण-भात खाल्लं आणि तू मात्र जेवताना गाणं गुणगुणत होतीस.

तुझ्यामुळे मला ती बोटभर मासोळी दिसायला लागली. पुंटिअस टिक्टो. नाव मोठं आणि जीव दोन पेरांएवढा. कल्ल्यामागे एक काळा ठिपका आणि शेपटीच्या अलीकडे दुसरा. कुशीवर बारीक छिद्रांची एक रेघ असते, ती काही जातींत शेपटीपर्यंत जाते, आणि या बाईची मात्र थोडे खवले चालून मध्येच संपते, हे तू मला भिंगातून दाखवलंस. इंग्रजांच्या काळातल्या जाड पुस्तकात हिचं घराणं बार्बस लिहिलेलं, तुझ्या नव्या पुस्तकात पुंटिअस. मी म्हणालो, बिचारीला माहीत तरी आहे का तिचं घर बदललं ते? तू हसली नाहीस. तू म्हणालीस, तिला माहीत असायची गरज नाही, आपल्याला कशावरून कळलं ते सांगता आलं पाहिजे. तुझं सगळं शास्त्र या एका वाक्यात होतं, आणि थोडाफार आपला संसारही.

मग मी तुझा चित्रकार झालो. पगार नाही, रजा नाही, आणि साहेबीण कडक. मी डोळ्यानं बघून काढायचो आणि तू माप घ्यायचा कॅलिपर घेऊन माझ्या कागदावर उतरायचीस.

"पाठ इतकी उंच काऊन काढली?"

"मले दिसली तशी काढली."

"मोजली काय?"

मोजलेली नसायची. मग खोडरबर. किती चित्रांवर आपण हे तीन वाक्यांचं भांडण केलं असेल ते देव जाणे. वर्गात तू पुस्तकातलं शुद्ध बोलायचीस आणि माझ्यावर चिडलीस की सरळ कारंज्याच्या बोलीवर यायचीस. मला ते फार आवडायचं, म्हणून मी कधीकधी मुद्दाम पाठ उंच काढायचो.

कारंजा घाडगे हे तुझं माहेर. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांच्या बायका माहेरी जाऊन झोपा काढतात, तू जाळं घेऊन नदीवर जायचीस. तुमच्या शेताच्या पलीकडे धाम उन्हाळ्यात आटून डोह-डोह होते. त्यातल्या एका डोहात तू लहानपणी पोहायला शिकलीस. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आपण तिथे गेलो, बैलबंडीत मासे टिकवायच्या फॉर्मॅलिनची बाटली, बरण्या आणि मी. उतरवताना ती बाटली दगडावर आपटून फुटली. कोणाच्या हातून, यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तोवर तू डोहातून बादलीभर मासोळी काढली होतीस आणि ऊन असं होतं की तासाभरात सगळी कुजली असती.

तुमच्या शेतावर कामाला येणारी पार्बताबाई तिथेच होती. तिच्या गोंडांच्या वस्तीवर देवाच्या पूजेपुरती मोहाची दारू काढून ठेवलेली असायची. तिला तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही, पण ती गेली आणि पदराखाली बाटली घेऊन आली. तू बरणीत मासे टाकून वरून मोहाची ओतू लागलीस तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले.

"नलूताई, मासोळ्याइले दारू पाजता काय?"

"हाव. जित्तेपणी नाई, मेल्यावर."

पार्बताबाई इतकी हसली की खाली बसली. पण येताना एसटीत आपली शोभा झाली. जिल्ह्यात दारूबंदी, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीतून असा वास की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघत होती. कंडक्टरनं मला शिक्षक असून लाज नाही का, अशा अर्थाचं काहीतरी हळूच सुनावलं. तू पिशवीतून बरणी काढून त्याच्या नाकासमोर धरलीस आणि पुढचे वीस मैल त्याला खवल्यांच्या रेघेबद्दल शिकवलंस. वर्धेला उतरताना त्यानं तुला नमस्कार केला. मला नाही केला.

आणि मग पावसाळ्यात एक दिवस तू बरणी उजेडात धरलीस आणि तुझा चेहरा बदलला. त्या माशांना दोन ठिपके नव्हते. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक काळसर पट्टा होता, एकूण एक माशाला. अंगही बारीक, सडपातळ. तू पुस्तकं उघडलीस, बंद केलीस, नागपूरला जाऊन तिथल्या संग्रहालयातल्या बरण्या बघून आलीस. असा मासा कुठेच नव्हता. डोहावर तुला पट्टा दिसला नव्हता, पण तिथे तू मासे बघितले ते बादलीत, वरून, घाईत. वरून बघितलं की पाठ दिसते, कूस दिसत नाही. तू स्वतःला हेच सांगितलंस आणि मीही मान डोलावली.

तुला नदीचंच नाव द्यायचं होतं. पुंटिअस धामेन्सिस. मी त्या माशाचं चित्र काळ्या शाईनं, नुसत्या ठिपक्यांनी काढलं. माझ्या हातून त्याहून चांगलं काही उतरलेलं नाही. तू चिठ्ठी लिहिलीस, काळ्या पेन्सिलीनं, कारण शाई औषधात विरघळते. जातीचं नाव, नदी, गाव, आणि खाली ओळख पटवणारीचं नाव. चिठ्ठी बरणीच्या आत सोडलीस. लेख मासिकाकडे गेला आणि स्वीकारला गेल्याचं कळलं. नागपूरच्या पेपरात चार ओळी आल्या. कॉलेजनं शाल आणि नारळ दिला. कारंज्याला तुझ्या वडिलांनी, आबांनी, तो पेपर घडी करून टोपीत ठेवला होता आणि ज्याला-त्याला टोपी काढून दाखवत होते. ते वाचू शकत नव्हते, पण कुठली ओळ आपल्या पोरीची हे त्यांना पाठ होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तू पुन्हा त्याच डोहावर गेलीस. का गेलीस? लेख तर छापायला गेला होता. मी विचारलं होतं, तू म्हणालीस, मासे जरा जास्त असलेले बरे. या वेळी फॉर्मॅलिन धड पोचलं. मासे बरणीत गेले, घरी आले, आणि पंधरवड्यानंतरही त्यांच्या अंगावर दोन ठिपके तसेच होते. पट्टा नव्हता. पार्बताबाईकडून आणखी एक बाटली आणवलीस, त्याच बादलीतले, घरी पाण्यात जिवंत राखलेले काही मासे त्या मोहात टाकलेस, आणि दोन्ही बरण्या खिडकीत शेजारी-शेजारी ठेवल्यास. रोज सकाळी चहा घेऊन तू त्यांच्यासमोर बसायचीस. मोहातल्या माशांची चांदी हळूहळू उतरत गेली, अंग आखडलं, आणि खालून तो पट्टा वर आला. दारूत आंबटपणा होता, त्यानं वरची चकाकी खाल्ली होती. जात नवी नव्हती. आपली बाटली फुटली होती, एवढंच.

तू रडलीस. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण आज लिहितो, कारण त्याच्यानंतर जे केलंस ते रडून झाल्यावर केलंस, आणि म्हणून मला ते जास्त मोठं वाटतं.

लेख छापून यायचा होता. सगळ्यांनी तुला सांगितलं की येऊ दे. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले कॉलेजचं नाव आहे. तुझा भाऊ म्हणाला आबांच्या टोपीचा तरी विचार कर. मी स्वतः काय म्हणालो ते तुला आठवत असेल, मी म्हणालो, कारंज्याच्या डोहात मासे मोजायला येतंय कोण? आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातात लाटणं तसंच, म्हणालीस:

"चूक माही हाय, ती माह्याच हातानं दुरुस्त झाली पायजे. उद्या एखादं पोरगं येऊन ती काढन, तर त्याले वाटन, बाईले समजलंच नाई."

त्याच दिवशी मासिकाला पत्र गेलं आणि लेख परत आला. कॉलेजच्या ज्या हॉलमध्ये शाल मिळाली होती त्याच हॉलमध्ये तू सगळ्या वर्गांना बोलावलंस, दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्यास आणि सांगितलंस, हा मासा नवा नाही, मी चूक केली होती, आणि ती अशी केली. मोहाच्या दारूवर पोरं हसली, तूही हसलीस. मी मागे दाराशी उभा होतो. शाल मिळाली त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. या दिवशी माझी छाती फुगली होती, नलू, आणि मला घरी येऊन ते नीट सांगता आलं नाही. मी म्हणालो, चांगलं बोललीस. एवढंच. आता सांगतो. त्या हॉलमध्ये मला वाटलं की ही माझी बायको आहे हे मी प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगावं.

मग कारंज्याला आबांना सांगायला आपण दोघं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपीतला पेपर काढला, बघितला, आणि पुन्हा टोपीत ठेवला. म्हणाले, नाव तर तुहंच हाय ना.

पहिल्या उन्हाळ्याच्या त्या मोहाच्या बरणीत तू दुसरी चिठ्ठी सोडलीस. पहिली काढली नाहीस. मी म्हणालो, आता ती कशाला? तू मला तुमच्या धंद्याचा नियम सांगितलास. जुनी चिठ्ठी काढायची नसते. पुढच्याला वेगळं वाटलं तर त्यानं आपली चिठ्ठी लिहून, खाली नाव घालून, तिच्या शेजारी सोडायची. म्हणजे कोणी काय समजलं होतं आणि कोणी ते बदललं, सगळं एका बरणीत राहतं.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. पट्टा गेला तरी माझं म्हणणं होतं की धामच्या त्या डोहातल्या टिक्टोची पाठ बाजारातल्या टिक्टोपेक्षा उंच आहे. तिचा चेहराच वेगळा आहे. तू म्हणायचीस, चेहरा हे लक्षण नव्हे, एका घरातली भावंडंही सारखी नसतात. मी म्हणायचो, मी आयुष्यभर चेहरेच काढले. पुढे खाली धरण झालं, पाणी मागे चढलं आणि आपला डोह त्यात गेला. आता तुमचं फावलं, तू म्हणालीस, आता कोणी खोटं पाडणार नाही तुम्हाला. या वर्षी दवाखान्यात, जेव्हा तुला फार बोलवत नव्हतं, तेव्हा तुला हसवायला मी पुन्हा तोच विषय काढला. पाठ उंच आहे, मी म्हणालो. तू डोळे मिटलेले ठेवून म्हणालीस, "मोजली काय?" मी तुझा हात धरून बसून राहिलो. तुला घरी आणायचं राहूनच गेलं.

तू गेल्यावर आठवड्याभरानं वानखेडे आला. तुझा विद्यार्थी, आता तुझ्याच विभागात शिकवतो. कॉलेज तुझ्या नावानं एक कपाट करणार, त्यात तो मासा आणि मागे माझं चित्र लावणार, म्हणून तो चित्र मागायला आला होता. बरणीही सोबत होती, मला दाखवायला. मी ती उजेडात धरली, तुझ्यासारखी. आत एकच चिठ्ठी होती. पहिली.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं शर्टाच्या खिशातून दुसरी काढली, टिपकागदात नीट ठेवलेली. पोराचे डोळे भरले होते. म्हणाला, "सर, कपाटापुढे थांबून लोक जे वाचतील तेच लक्षात ठेवतील. मले वाटलं, बाईंचं मोठेपण दिसावं." मला त्याचा राग आला नाही. तुझ्यावर जीव आहे त्याचा. मी फक्त विचारलं की बाईंनी हॉलमध्ये ते सांगितलं तेव्हा तू होतास ना? होतो, तो म्हणाला, पहिल्या रांगेत. मग स्वतःच झाकण उघडून त्यानं चिठ्ठी परत आत सोडली. पण प्राचार्यांचं भाषण तोवर लिहून झालेलं होतं, आणि ते बदला असं त्यांना सांगायचं वानखेडेच्या जिवावर आलं असावं.

म्हणून मी परवा उभा राहिलो. म्हणालो, माफ करा, पण ती जात नवी नव्हती, आणि हे तिनंच सिद्ध केलं होतं. वानखेडेनं न सांगता बरणी आणून तुझ्या फोटोशेजारी ठेवली आणि मी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या. पुंटिअस धामेन्सिस, नवी जात, धाम नदी, कारंजा, ओळख: नलिनी. आणि दुसरी: पुंटिअस टिक्टो, जुनीच जात, पट्टा मोहाच्या दारूमुळे, ओळख: नलिनी. मागे कोणीतरी हसलं. मी आणखी एवढंच बोललो की नवा मासा शोधणारे पुष्कळ असतील, मिळालेला मासा परत करणारी मी एकच पाहिली आणि तिच्याशी माझं लग्न झालं होतं. मग मी बसलो. सभा संपल्यावर प्राचार्यांनी जवळ येऊन हळूच विचारलं की कपाटात कुठली चिठ्ठी दर्शनी ठेवायची. मी म्हणालो, दोन्ही.

घरी आल्यावर मी एक चिठ्ठी लिहिली, काळ्या पेन्सिलीनं. पाठ उंच आहे, वेगळी जात असावी, ओळख: चित्रकलेचे मास्तर. नियम तुमचाच आहे, ज्याला वेगळं वाटेल त्यानं सोडावी. काल ती खिशात घालून कॉलेजात गेलो. मोहातले मासे आखडलेले, त्यांच्या पाठीचा भरवसा नाही, म्हणून शेजारची फॉर्मॅलिनची बरणी काढायला सांगितली, आपली दुसऱ्या उन्हाळ्याची, आत तुझी टिक्टोची चिठ्ठी असलेली. वानखेडेनं झाकण उघडून दिलं आणि तो बाजूला झाला. चिठ्ठी हातात घेतली, आणि मला तुझा आवाज ऐकू आला, दवाखान्यातला.

मोजलेली नव्हती. झाकण लावून परत आलो.

आज तुझ्या टेबलाच्या खणातून कॅलिपर काढला आहे. त्याला थोडं तेल दिलं. बाजारातून चिल्लरीचा एक ढीगही आणला, तुलनेला. त्यातल्या टिक्टो मी एकट्यानं वेगळ्या केल्या, रेघ बघून, आणि एकही चुकली नाही असं वानखेडे म्हणतो. उद्या आम्ही दोघं बसणार आहोत. पाठ उंच निघाली तर माझी चिठ्ठी आत जाईल. नाही निघाली तर दुसरी लिहीन, आणि तीही आत सोडीन, तुझ्या चिठ्ठीला लागून: मोजली. नलूचं बरोबर.